विद्याविहारची उघडी पेढी

मध्य रेल्वेच्या जलद गाड्या विद्याविहारला थांबत नाहीत, आणि त्यामुळे घाटकोपर व कुर्ला या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मधोमध असूनही या स्थानकाच्या वाट्याला एक प्रकारचे दुय्यमत्व कायमचे आलेले आहे. पूर्वेला सोमैया विद्यासंकुलाचा विस्तार. पश्चिमेला नथानी रस्ता आणि जुन्या कारखान्यांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या वाणिज्य-इमारती. थोडे दक्षिणेला कुर्ल्याच्या बाजूस गेले, की जेथे एके काळी प्रीमियर पद्मिनी मोटारी तयार होत त्या भूमीवर वसलेली नवी वसाहत. याच नथानी रस्त्यावरच्या नीलकंठ बिझनेस पार्कचा पत्ता फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या कागदांवर आढळतो. इमारतीकडे पाहून आत काय चालते याचा काही अंदाज येत नाही. उपनगरातल्या शेकडो इमारतींसारखीच ती एक.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सामायिक मालकी’ हा विषय सुचवला, तेव्हा गायराने, देवराया आणि सहकारी साखर कारखाने यांवर अधिकारवाणीने लिहिणारे लेखक त्यांना पुष्कळ मिळतील, अशा विचाराने मी विद्याविहारची वाट धरली. ज्या वस्तूचा मालक कायद्याने एक कंपनी आहे, परंतु जी कोणीही फुकट न्यावी, उकलून पाहावी, बदलावी आणि पुन्हा वाटावी अशी लेखी मुभा त्याच कंपनीने जगाला देऊन ठेवली आहे, अशी ईआरपीनेक्स्ट नावाची वस्तू येथे घडते. कारखान्याचा अथवा दुकानाचा खरेदी-विक्रीचा व्यवहार, गोदामातला माल, उधारी-वसुली, रोजमेळ आणि खतावणी हे सारे एका सूत्रात ओवणारी ती संगणकीय व्यवस्था आहे. तिचा सर्व कोड गिटहब या संकेतस्थळावर उघडा आहे, त्यातला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, कोणी मंजूर केला आणि कोणी का फेटाळला, याचे दप्तरही तितकेच उघडे आहे. असे दप्तर वाचायला मिळणे हे बातमीदाराचे भाग्यच म्हटले पाहिजे. इतर कोणत्या कंपनीच्या अंतर्गत टिपणीपर्यंत परक्या माणसाचा हात पोहोचतो?

मला जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की पगार देणारी एक कंपनी आणि पगाराशिवाय येणारे हजारो परके यांचा संसार चालतो कसा. परके येतात ते दुरुस्त्या घेऊन येतात, तक्रारी घेऊन येतात आणि मागण्याही घेऊन येतात. त्यांना दारातून परत पाठवावे तर उघडेपणाला अर्थ राहत नाही, आणि सर्वांचे ऐकावे तर खतावणीची खिचडी होते.

फर्निचरच्या धंद्यातून

ऋषभ मेहता यांच्या घरचा धंदा फर्निचरचा. त्या धंद्याचा कारभार सांभाळण्यासाठी आणलेली तयार व्यवस्था नीट बसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक लिहावयास घेतली, आणि त्या खटाटोपातून २००८ मध्ये वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली; तिचेच पुढे फ्रॅपे हे नामांतर झाले. लहान कारखानदाराची अडचण बाहेरून अभ्यासण्याऐवजी घरात भोगलेली असल्यामुळे, या व्यवस्थेच्या रचनेत प्रारंभापासून एक मोकळेपणा राहिला. तिच्या मुळाशी ‘डॉकटाइप’ ही कल्पना आहे. बीजक असो, ग्राहक असो वा रजेचा अर्ज असो, प्रत्येक कागदाचा नमुना हा एक डॉकटाइप. त्यात कोणते रकाने असावेत, कोणी भरावेत, कोणाच्या मंजुरीने तो पक्का व्हावा, हे पडद्यावरच ठरवता येते. आणि गंमत अशी, की डॉकटाइप ही वस्तूसुद्धा व्यवस्थेच्या दृष्टीने एक डॉकटाइपच असते. ज्याला कोड लिहिता येत नाही असा हिशेबनीसही त्यामुळे आपल्या पेढीपुरता एखादा रकाना वाढवू शकतो. या मोकळेपणाचे महत्त्व पुढे कळून येईल.

परवान्यांची व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. तळाचा सांगाडा, म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, एमआयटी परवान्याखाली दिलेला आहे. त्यावर कोणी काहीही उभारावे, उघडे ठेवावे अथवा झाकावे. ईआरपीनेक्स्टला जीपीएलची तिसरी आवृत्ती लागू आहे. तिचा बदललेला अवतार जो दुसऱ्याच्या हाती देईल, त्याने कोडही दिला पाहिजे. परंतु या परवान्यात एक पळवाट आहे. बदललेली व्यवस्था कोणाच्या हाती न देता आपल्याच यंत्रांवर चालवून तिची केवळ सेवा विकणाऱ्यावर हे बंधन येत नाही. म्हणून सीआरएम, हेल्पडेस्क यांसारख्या अलीकडच्या उत्पादनांना कंपनीने एजीपीएल हा अधिक कडक परवाना लावला, ज्यात सेवा विकणाराही बांधला जातो. आणि या तिन्हींच्या बाहेर एक गोष्ट कंपनीने कोणालाही दिलेली नाही: नाव. ईआरपीनेक्स्ट हे नाव व चिन्ह ही तिची नोंदीव मुद्रा आहे. कोड घ्या, त्यात फेरफार करा, विका. मात्र हे नाव लावून स्वतःची पेढी थाटू नका.

मग पोट कशावर भरते? मुख्यतः फ्रॅपे क्लाउड या यजमानसेवेवर, जिचा दर वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर न ठरता यंत्राच्या वापरावर ठरतो, आणि भागीदार पेढ्यांशी असलेल्या व्यवहारावर. २०२० मध्ये झिरोधा या शेअर-दलाली कंपनीच्या रेनमॅटर या गुंतवणूक-शाखेने कंपनीत दहा कोटी रुपये घातले. झिरोधा ही स्वतः या व्यवस्थेची ग्राहक आहे, हे त्या गुंतवणुकीमागचे एक सरळ कारण. त्याच वर्षी उघड्या सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी ‘फॉस युनायटेड’ ही ना-नफा संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशीही हीच मंडळी होती.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले, अनेक विद्वानांकडून मजकूर घेतला, आणि तरीही कोणता मजकूर छापावा याचा अखेरचा निर्णय संपादकाच्या मेजावरच होत असे. तेवीस खंड निघाले ते या पद्धतीने. ज्ञान सर्वांचे, पैसा भागधारकांचा आणि लेखणी एकाची, ही त्रिस्थळी यात्रा सुखाची नसते, हे केतकरांनी पुढे मंडळाचा जो इतिहास लिहिला त्यावरून कळते.

एका दुरुस्तीची वाट

उदाहरणादाखल असे समजू, की मुलुंडच्या एका औषध-वितरकाकडे काम करणाऱ्या तरुणाला आढळले, की परत आलेल्या मालाच्या बीजकात पैशाची पूर्णांकने चुकीच्या खात्यात पडत आहेत. त्याला कोड येतो, आणि चूक कोणत्या ओळीत आहे हेही त्याने शोधले आहे. आता त्याने करायचे काय?

प्रथम तो मूळ कोडाची स्वतःची प्रत काढतो, तीत ती ओळ सुधारतो आणि ‘हा बदल मुळात घ्यावा’ असा विनंतीअर्ज करतो. या अर्जाला धंद्यातली मंडळी ‘पीआर’ म्हणतात. अर्ज दाखल होताच माणसाच्या आधी यंत्रे पुढे होतात. पहिले यंत्र शीर्षक तपासते: ते ठरावीक शब्दाने सुरू झाले पाहिजे, दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, नवी सोय असेल तर ‘फीट’. नवी सोय असेल, तर दुसरे यंत्र विचारते, की तिची माहिती दस्तऐवजात लिहिली का; लिहिली नसेल, आणि तशी गरज नसेल, तर तसे अर्जात स्पष्ट नोंदवावे लागते, नाही तर अर्ज अडतो. मग चाचण्यांचा ताफा सुरू होतो. रिकाम्या जागी व्यवस्था नव्याने उभारून बीजके, जमा-नावे, साठ्याचे मूल्यांकन यांची पूर्वी लिहून ठेवलेली उदाहरणे पुन्हा चालवली जातात. आपल्या तरुणाने एक ओळ बदलली, आणि त्या ओळीमुळे भलत्याच कोपऱ्यातल्या हप्त्याने घसारा काढण्याच्या उदाहरणाचे उत्तर पैशाने चुकले, तर तेथे लाल खूण उमटते. आणखी एक चाचणी जुन्या विदागाराची प्रत घेऊन ती नव्या आवृत्तीवर चढते का, हे पाहते.

या शेवटच्या चाचणीच्या मागे ‘पॅचेस डॉट टीएक्सटी’ नावाची एक साधी फाईल आहे, आणि साऱ्या दप्तरात मला सर्वांत वाचनीय वाटली ती हीच. वरून पाहता ती केवळ यादी. प्रत्येक ओळीत एका लहानशा स्थलांतर-लेखाचे नाव. जुन्या पेढ्यांची विदा नव्या रचनेत बसवण्यासाठी आवृत्ती बदलताना या ओळी क्रमाने एकेकदा चालतात, आणि कोणती ओळ चालून गेली याची नोंद त्या पेढीच्याच विदागारात होते. एखादा लेख सुधारून सर्वत्र पुन्हा चालवायचा झाला, तर त्या ओळीच्या शेवटी एक तारीख जोडतात. ओळीचे अक्षर बदलले, की यंत्र तिला नवी समजते. युक्ती ओबडधोबड आहे, पण ती वर्षानुवर्षे जगभरच्या पेढ्यांत बिनबोभाट चालत आली. जो बाहेरचा माणूस नवा रकाना सुचवतो, त्याला बहुधा या यादीची आठवण नसते. त्याच्या स्वतःच्या पेढीत तो रकाना रिकामा सुरू झाला तरी चालते. परंतु ज्यांच्याकडे दहा वर्षांची बीजके साठली आहेत त्यांच्या जुन्या कागदांत त्या रकान्यात काय भरावे, हा प्रश्न सांभाळणाऱ्यांना पडतोच, आणि अर्ज रेंगाळतो तो पुष्कळदा याच ठिकाणी.

यंत्रांच्या परीक्षेला उतरल्यावर माणूस येतो. कोडाच्या ओळीशेजारीच टिपण लिहितो: हे येथे का, तेथे का नाही, याला चाचणी जोडा, हे एका देशापुरते दिसते. अर्जदाराने उत्तर द्यावे, सुधारावे, पुन्हा यंत्रांपुढे जावे. शेवटी मंजुरी मिळाली, की बदल विकासशाखेत ‘मर्ज’ होतो. आणि तो चालू आवृत्तीच्या गिऱ्हाइकांनाही हवा असेल, तर योग्य ते लेबल लावताच एक यंत्र त्याची नक्कल जुन्या शाखांसाठी तयार करते. मुलुंडच्या वितरकाला त्याचीच दुरुस्ती पुढच्या प्रकाशनातून परत मिळते, आणि तिच्याबरोबर तिचा लाभ त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही होतो.

नकाराची रीत

हे झाले मंजूर अर्जाचे. खरी कसोटी नकाराची असते, आणि कंपनीने चालवलेल्या प्रकल्पात समुदाय टिकतो की विटतो हे, माझ्या मते, नव्वद टक्के नकाराच्या रीतीवर अवलंबून असते.

ज्या अर्जावर काही काळ हालचाल होत नाही त्यावर येथे एक यंत्र शिळेपणाची खूण करते, आणि तरीही कोणी बोलले नाही तर तो बंद करते. मात्र एका वाक्याचे उत्तर लिहिले तरी अर्ज जिवंत राहतो आणि बंद झालेला पुन्हा उघडता येतो, असे त्या सूचनेत सौजन्यपूर्वक म्हटलेले असते. व्यवस्थेच्या दृष्टीने ही सोय आवश्यक आहे, हे मान्य. तरी ज्याने चार रात्री जागून दुरुस्ती पाठवली आणि ज्याच्याशी माणूस कधी बोललाच नाही, त्याला यंत्राचे ते सौजन्य कसे लागत असेल, हे सांगायला नको. नकार माणसाने द्यावा, कारणासह द्यावा, आणि लवकर द्यावा. कारण सांगितलेला नकार घेऊन अर्जदार आपल्या पेढीपुरती वेगळी सोय करून घेतो. मौन मात्र त्याला प्रकल्पाबाहेर ढकलते.

परंतु दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते; ठरावीक संख्येने अर्ज करणाऱ्याला तेव्हा टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये या सदऱ्याच्या आशेने जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक अर्जांची अशी धाड पडली, की प्रस्तावनेत एखादे विशेषण घालणे किंवा स्वल्पविराम हलवणे एवढाच त्यांतल्या पुष्कळांचा ऐवज होता. आणि त्यांत आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. महोत्सव चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाची तयारी असेल त्याच्याच दारी अर्ज मोजले जातील. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या, वाचायला नेटक्या पण आत पोकळ अशा दोष-अहवालांनी ‘कर्ल’सारख्या नामांकित प्रकल्पाच्या प्रमुखाला जाहीर तक्रार करावी लागली. खोटा अर्ज लिहायला मिनिट पुरते आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला जाणत्या माणसाची दुपार जाते. दारावर यंत्रांचा पहारा बसवला जातो तो या हिशेबाने.

काही नकार तत्त्वाचे असतात, आणि त्यांत रस अधिक. आपल्याकडच्या लहान पेढीला बीजक चुकले तर खोडून टाकायची सवय. ईआरपीनेक्स्टच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत कागद रद्द केला, की खतावणीतल्या त्याच्या नोंदीही नाहीशा होत. २०२१ च्या तेराव्या आवृत्तीपासून ही रीत बदलली: नोंद पुसायची नाही, तिच्यासमोर उलट नोंद घालायची. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने हे उचितच होते. जर्मनीत तर हिशेबाची नोंद मागाहून अलक्षित बदलता येता कामा नये, असा दंडक आहे, आणि भारतातही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरफाराचा माग ठेवलाच पाहिजे, तो माग बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. पण घाटकोपरच्या भागीदारी पेढीवर कंपनी कायदा चालत नाही, आणि तिच्या मालकाला जुनी सुटसुटीत खोडाखोड प्रिय असते. समुदायात बहुमत कोणाचे? मते मोजली तर खोडणाऱ्यांचेच निघेल, अशी मला शंका आहे. येथे मते मोजली गेली नाहीत, आणि ते बरे झाले. मात्र कडकपणाच्या मात्रेविषयी वाट ठेवली गेली: रद्द केलेल्या कागदाची उलट नोंद मूळ तारखेस पडावी, की प्रत्यक्ष रद्द केल्याच्या तारखेस पडून अहवालांतही दिसावी, हे आज एका चौकटीत खूण करून पेढी स्वतः ठरवू शकते. मूळ तत्त्व कंपनीने ठेवले आणि तपशील ग्राहकाला दिला. अशी वाटणी करता येणे हे कौशल्य आहे, आणि ते कोडापेक्षा कारभाराचे अधिक आहे.

मध्य आटोपशीर, परीघ मोठा

तेराव्या आवृत्तीपर्यंत ही व्यवस्था एखाद्या वाड्यासारखी वाढत गेली होती. रुग्णालय, शाळा, शेती, हॉटेल, सेवाभावी संस्था अशी प्रत्येकाची स्वतंत्र खोली मूळ इमारतीतच बांधलेली, आणि प्रत्येक खोलीच्या गळतीची तक्रार एकाच कारभाऱ्याकडे. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत कंपनीने या खोल्या मूळ इमारतीतून काढून स्वतंत्र ॲपे केली. मनुष्यबळ व पगाराचा भागही ‘फ्रॅपे एचआर’ म्हणून वेगळा झाला. मूळ सांगाड्यात अशी सोय आहे, की बाहेरचे ॲप ठरावीक ‘हुक’ अडकवून मूळ व्यवहाराच्या आधी वा नंतर आपले काम करून घेऊ शकते आणि मूळ कोडाला हात लावावा लागत नाही. प्रारंभीच्या त्या मोकळ्या रचनेचा उपयोग हा असा झाला.

या विभागणीतला सर्वांत बोधप्रद भाग वस्तू व सेवा कराचा. १ जुलै २०१७ ला हा कर आला, आणि तेव्हापासून त्याचे नियम स्थिर म्हणून राहिले नाहीत. ई-बीजकाचेच पाहा: १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींवरच्या उलाढालीला ते सक्तीचे झाले, मग शंभर कोटी, पन्नास, वीस, दहा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी. प्रत्येक पायरीला नव्या लहान पेढ्या जाळ्यात आल्या, आणि प्रत्येक पायरीपूर्वी त्यांच्या हिशेबाची व्यवस्था तयार असणे भाग होते. दुबईच्या अथवा नैरोबीच्या ग्राहकाला या धावपळीशी कर्तव्य नाही, आणि मूळ व्यवस्थेच्या प्रकाशनाचा वेग दिल्लीच्या अधिसूचनांना बांधून टाकणे कोणाच्याच हिताचे नव्हते. तेव्हा चौदाव्या आवृत्तीत भारतीय कराचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या वेगळ्या ॲपात गेला, आणि त्याची जबाबदारी कर-व्यवहाराची जाण असलेल्या रेझिलियंट टेक या बाहेरच्या पेढीने घेतली. जर्मनीच्या गरजांसाठी तेथल्या पेढीने असेच वेगळे ॲप केले आहे.

मला या व्यवस्थेचे मर्म येथे सापडले. परक्यांना मूळ दप्तरात भागीदारी देण्याचे वचन कंपनीने फारसे दिले नाही. दिली ती वेगळी मुखत्यारी, जिच्या हद्दीत ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या परक्यांचाच. जो वर्षभर अर्जदार म्हणून ताटकळतो तो थकतो. ज्याच्याकडे स्वतःची हद्द आहे तो उद्या स्वतःच दुसऱ्यांचे अर्ज वाचू लागतो, आणि मग त्यालाही नकाराची अडचण कळते. अर्थात याला किंमत आहे. ज्या खोलीला असा समर्थ धनी मिळाला नाही, तेथील रहिवाशांना वाडा सोडल्याचा अनुभव आला असेल. शेतीच्या भागाला करभागाइतके राबते हात मिळणे अवघडच होते, कारण कर चुकला तर दंड होतो आणि दंडाच्या भयाने पैसे देणारी गिऱ्हाइके आपोआप जमतात. समुदाय आपणहून वाढतो, असे म्हणण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात तो पैशाच्या ओलीकडे वाढतो.

फुटीचे भय

कंपनीने मन मानेल तसे वागायचे ठरवले तर? तर लोक मूळ कोडाची प्रत घेऊन वेगळी चूल मांडू शकतात. ‘फोर्क’ म्हणतात तो हाच. हे भय पोकळ नाही, आणि विद्याविहारच्या मंडळींना त्याची आठवण रोज राहण्याजोगी आहे, कारण त्यांची व्यवस्था जिच्यावर उभी आहे ती मारियाडीबी ही विदागारप्रणाली अशाच फुटीतून जन्मली. मायएस्क्यूएल सन कंपनीने २००८ मध्ये घेतली, पुढच्याच वर्षी सनला ओरॅकल घेणार असे जाहीर झाले, आणि मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याच वर्षी वेगळी शाखा काढून तिला धाकट्या मुलीचे नाव दिले. थोरल्या मुलीचे नाव पहिल्या प्रणालीला आधीच देऊन झाले होते.

फ्रॅपेची व्यवस्था तात्पुरत्या साठ्यासाठी आणि कामांच्या रांगेसाठी रेडिस वापरते. रेडिसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये परवाना आवळला, आणि महिना उलटण्याच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ ही फूट उभी राहिली. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय देऊन अर्धी माघार घेतली. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये हेच केले तेव्हा ‘ओपनटोफू’ निघाले. ईआरपीच्या धंद्यातला थोरला प्रतिस्पर्धी, बेल्जियमचा ओडू, याने वेगळा मार्ग काढला: २०१५ च्या नवव्या आवृत्तीपासून एक उघडी आणि एक पैसेवाली झाकली, अशा दोन आवृत्त्या. त्यामुळे त्याच्या उघड्या बाजूचा पुष्कळ भार स्वतंत्र समुदाय-संघटनेने उचलला. फ्रॅपेने दुसरी झाकली आवृत्ती काढलेली नाही. एवढेच नव्हे, फ्रॅपे क्लाउड ज्या ‘प्रेस’ नावाच्या प्रणालीवर चालते तीही उघडी आहे. माझ्या मते कंपनीच्या वागणुकीची सर्वांत भक्कम हमी हीच. तिच्याशी भांडण झालेला माणूस उद्या साकीनाक्याला स्वतःची यजमानसेवा थाटू शकतो. त्याला नाव मात्र दुसरे शोधावे लागेल.

एक गोष्ट मात्र फूट-समर्थक विसरतात. फुटीचा हक्क सर्वांना असला, तरी तिचा खर्च पेलणारे थोडे असतात. व्हॅल्कीच्या मागे मोठमोठ्या क्लाउड कंपन्या होत्या. मुलुंडच्या औषध-वितरकाला तो हक्क म्हणजे बँकेत नसलेल्या पैशाचे चेकबुक.

ज्यांना कोड लिहिता येत नाही

गिटहबवर ज्यांची नावे मोजली जातात ते कोड लिहिणारे. त्यांतही बहुसंख्य बदल पगारी मंडळींचे असतात, आणि यात नवल नाही. दिवसाचे आठ तास देणारा आणि रविवारची दुपार देणारा यांची तुलना होत नाही. परंतु समुदायाचा फार मोठा भाग या मोजणीच्या बाहेर राहतो. अंधेरी, मरोळ, मुलुंड, भांडुप येथल्या लहान कारखान्यांत ही व्यवस्था बसवून देणारे स्वतंत्र सल्लागार आहेत. तेथे बसून ती रोज वापरणारे हिशेबनीस, भांडारपाल आणि पगारपत्रक करणारे आहेत. पुरवठादाराने एकाच चलनावर दोन पावत्या पाठवल्या तर काय होते, तुकड्या-तुकड्याने आलेल्या मालाचे वजन कोठे घोळते, महिनाअखेरीस कोणता अहवाल अडतो, हे यांना ठाऊक; विद्याविहारच्या तंत्रज्ञाला ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणि नेमके यांचेच ज्ञान दप्तरात कमी पोहोचते. दोषाची नोंद करण्याचा नमुना सर्वांना खुला आहे. त्यात आवृत्ती कोणती, कोणत्या पायऱ्या केल्या, काय अपेक्षित होते, काय झाले, असे विचारलेले असते, आणि केवळ ‘कसे करू’ असा सल्ला मागण्यासाठी ही जागा नाही, हेही बजावलेले असते. नमुना योग्यच आहे. पण तो भरताना हिशेबनीसाला आपण कचेरीत अर्ज द्यायला उभे आहोत असे वाटते, आणि तो सल्लागाराला दूरध्वनी करतो. सल्लागार त्याच्यापुरती तात्पुरती तोड काढतो, तिचे पैसे घेतो, आणि मूळची चूक तेथेच राहते. पुढच्या गल्लीतल्या पेढीलाही तीच चूक सापडते, व तीही पैसे देते. एका उघड्या व्यवस्थेभोवती बंद दुरुस्त्यांचा असा छोटा बाजार उपनगरात भरलेला आहे. भागीदार पेढ्यांना मान्यता देताना, त्यांनी वर्षात किती दोष मूळ दप्तरात नोंदवले हे कंपनीने ठळकपणे पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. गिऱ्हाईक किती आणले हे तर कोणीही पाहतो.

फॉस युनायटेडच्या मुंबई शाखेचे मेळावे होतात, त्यांना प्रवेश विनामूल्य असतो, आणि तेथे येणाऱ्यांत विद्यार्थी व तंत्रज्ञ अधिक असतात. तेथे हिशेबनीसाने जावे. कोडाच्या चर्चेत त्याला कंटाळा येईल, परंतु चहाच्या वेळी त्याने एक चुकलेले बीजक पुढे केले, तर भोवती चार माणसे जमल्याशिवाय राहणार नाहीत.

वाचकांपैकी जे कोणी अशा उघड्या व्यवस्थेवर आपला जमाखर्च ठेवीत असतील, त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी आकडा चुकला तर तोड काढून घेतल्यावर थांबू नये. आवृत्तीचा क्रमांक, केलेल्या पायऱ्या, अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा, या चार गोष्टी लिहाव्यात, ग्राहकांची नावे खोडलेले एक चित्र जोडावे, आणि ते दोषांच्या नोंदीत दाखल करावे. खाते उघडायला पैसे पडत नाहीत, आणि इंग्रजी मोडकीतोडकी असली तरी चालते.